नानांच्या हाताची राखण

परवा माझा भाचा गावाकडून चिखलीला आला आणि पाणी प्यायच्या आधी खिशातून मोबाईल काढून म्हणाला, "आत्या, हे पाह्य. बिनकाट्याची करडई." फोटोत कंबरेएवढ्या पिकात त्याची बायको साध्या साडीत उभी होती, हात मोकळे, पाय मोकळे, वर हसतही होती. मी म्हटलं, "काटा नाही तर मग ती करडई कसली?" तो म्हणाला, "तुले काई नवं पटतच नाही, आत्या." हे खोटं आहे. दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं बसवून घेतलेली बाई आहे मी, नव्याशी माझं वाकडं नाही. पण त्या फोटोतलं वावर मी ओळखलं होतं. टेकडीच्या पायथ्याचं, खालून नाल्याची वळणदार कड असलेलं. त्या वावरात माझ्या आईला असं हात मोकळे सोडून उभं राहता आलं नव्हतं, आणि मला एकदम आईचाच पक्ष घ्यावासा वाटला. भाच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं, तरी मी चिडले.

फाल्गुन लागला की हे असं होतंच. दुपारचं ऊन जरा चरचरायला लागतं, पळसाला फूल येतं, आणि माझ्या पोटऱ्यांना उगाच खाज सुटते. पोटरीला आठवण असते असं कुणी म्हटलं तर मी मास्तरीण असूनही त्याला खुळ्यात काढणार नाही.

करडई ज्यांनी नुसती तेलाच्या बाटलीवर वाचली आहे त्यांच्यासाठी सांगते. कोवळी असते तेव्हा तिची भाजी करतात, आणि भाकरीबरोबर ती पोटभर खाल्ली तरी मन भरत नाही. पुढे तिला केशरी-पिवळी फुलं येतात. मग ती वाळते, आणि पानापानाच्या कडेला, बोंडाबोंडाच्या गळ्याशी काटे उभे राहतात. ढोर तिच्या वाटेला जात नाही. म्हणून आमच्याकडे गव्हाच्या, हरभऱ्याच्या वावराला चारी बाजूंनी करडईच्या चार-चार ओळी लावायची रीत होती. पीकही ती आणि कुंपणही तीच. कापायची ती पहाटेच्या गारव्यात. तेव्हा काटा नरम असतो. ऊन वर चढलं की तो सुईसारखा होतो आणि मग शहाण्या माणसानं विळा खांद्याला लावून घरी जावं.

दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात माझे वडील फौजेतून घरी आले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. म्हणजे म्हणायला तेव्हाच शिकलो, कारण ते गेले तेव्हा मी सात वर्षांची होते आणि आले तेव्हा अकराची. दुसरबीडच्या रस्त्यावर मोटारीतून उतरून गावापर्यंत चालत आले. डोक्यावर ट्रंक, पायात बूट, आणि चेहरा इतका गुळगुळीत की आजीनं ओळखायच्या आधी पदर डोळ्याला लावला आणि मग ओळखलं. पुढचे आठ दिवस गाव त्यांना बघायला येत होतं. रोज विहिरीवर आरसा टांगून दाढी करायचे, अंथरुणाची घडी अशी घालायचे की पाटीवर रेघा माराव्यात. लढाईचं विचारलं तर काही सांगायचे नाहीत. डोंगरावर पांढरंशुभ्र बर्फ पडलेलं असतं आणि त्यात खेचर पोटापर्यंत रुततं, एवढंच एकदा सांगितलं, आणि तेही खेचराची कीव येऊन.

घर एकत्र होतं आणि घराचा कारभार मोठेबाबांकडे होता. मोठेबाबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. आजोबा लवकर गेले तेव्हा नाना पाळण्यात होते. त्यांना मोठेबाबांनीच वाढवलं. माणूस कडक, पण वाईट नव्हता. नानांच्या डाव्या कोपराच्या वर तोफगोळ्याची कपची लागली होती आणि तिथं बोटभर खड्डा पडला होता. तो खड्डा बघूनच मोठेबाबांनी ठरवून टाकलं. चिखलीला सरकी काढायच्या एका कारखान्यात त्यांची ओळख होती. म्हणाले, "तिथं चौकीदाराची जागा हाय, सखा. बसल्या जागची. तुह्या अंगावरचा खाकी बी शोभून दिसते."

नाना म्हणाले, "चार वरसं दुसऱ्याचं राखलं, दादा. आता आपलं राखतो."

मोठेबाबांनी बरंच समजावलं. शेवटी म्हणाले, ठीक आहे, टेकडीखालचं वावर घे. पाडव्यापर्यंत त्यातलं पीक तू आपल्या हातानं खळ्यात आणून दाखव. नाही आणलंस तर ते वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला देईन आणि तू चिखलीला जाशील. पाडव्याला आमच्या घरच्या ओसरीवर सगळे जमायचे आणि कुठलं वावर कुणाकडे, हे वर्षभरासाठी तिथंच ठरायचं. एकदा तिथं सुपारी फुटली की मग देव आला तरी बदल नसे.

नानांनी दसऱ्यानंतर त्या सबंध वावरात करडई पेरली. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, निव्वळ करडई. गाव हसलं. "फौजेतून आला अन् नुसतं कुंपणच पेरलं बे! पीक कोठी हाय?" असं पारावर बसलेले लोक आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. वर त्यांनी मध्ये वाटच सोडली नव्हती. कडेच्या चार ओळी कापायच्या तर माणूस बाहेर उभं राहून कापतो. सगळं वावरच करडईचं झालं तर आत शिरायचं कुठून? चार वर्षं माती सोडलेल्या माणसाचीच ही चूक. पीक पिवळं झालं तेव्हा त्यांच्या ते ध्यानात आलं. मजुरीच्या बाया न बोलावताच काम पाहायला बांधापर्यंत आल्या, एकीनं आत पाय घातला, "बाई वं!" म्हणून बाहेर काढला, आणि सगळ्या दुसरीकडे हरभरा उपटायला निघून गेल्या.

पण करडई पेरण्यामागे त्यांचा एक हिशेब होता आणि तो फक्त आईला माहीत होता. मला तो फार पुढे, मी स्वतः मुलांना शिकवायला लागले तेव्हा आईनं सांगितला. नानांच्या डाव्या हाताची करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि तळहाताची तेवढी बाजू बधिर होती. मूठ वळायची, पण त्या बाजूला काही लागलेलं कळायचं नाही. कपाशी वेचायची तर बोटांना कळावं लागतं. ज्वारीची कणसं खुडायची तर कळावं लागतं. करडईला मात्र ज्याला कळत नाही असाच हात बरा. नानांनी आईला म्हटलं होतं, "काट्याचं भेव ज्याले नाही, त्यानं काटे पेरावं."

मोठेबाबांना हात बरा झाला असंच सांगितलं होतं. बधिर आहे म्हटलं असतं तर त्यांनी पाडव्याची वाटही पाहिली नसती.

एक गोष्ट नानांनी धरली नव्हती. झाड डाव्या मुठीत धरतात आणि विळा मुठीच्या खालून चालतो. म्हणजे विळ्याच्या सगळ्यात जवळ असते ती करंगळी. पहिल्याच दिवशी घरी येऊन हात धुताना पाणी लाल झालं तेव्हा त्यांना कळलं. फडकं गुंडाळून पाहिलं, तर रक्त फडक्यातून बाहेर यायला वेळ लागतो आणि तोवर विळा आणखी दोनदा फिरलेला असतो. पुढे दोन फाटे असलेल्या दुबेळक्या काठीनं झाड दाबून पाहिलं, तर काठी मुठीतून सुटली तरी पत्ता नाही. शेवटी आई म्हणाली, "हात उघडाच राहू द्या. मी पाह्यतो."

बाकी कशाकडे नाही, फक्त त्या हाताकडे बघायचं, हे आईचं काम ठरलं. नाना कापायचे, आई त्यांच्या डाव्या अंगाला चालायची, काठीनं कापलेली झाडं ओढून ढीग लावायची आणि डोळा करंगळीवरून काढायची नाही. पण दिसलं तर सांगायचं कसं? नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. "अवो, पाहा ना, तुमच्या हाताले..." एवढं बोलेपर्यंत बोट गेलं असतं. नानांनी फौजेतली तोड काढली. "हाल्ट म्हण. ते आयकलं का डोकं इचार करत नाही, अंग आपोआप थांबते." आई लाजून लाल झाली. चुलीपुढे बसून तिनं दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी पदर तोंडात कोंबून हसली. माझ्या आईला मी तेवढं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या पहाटा मला आजही जशाच्या तशा आठवतात. हातावरच्या रेषा दिसू लागल्या की वावरात शिरायचं, त्याआधी नाही, कारण उजेड नसेल तर आईला दिसणार काय? नानांच्या ट्रंकेत पायाला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्यांच्या दोन जोड्या होत्या. एक त्यांनी बांधली, दुसरी आईच्या पोटऱ्यांवर स्वतः बसून बांधून दिली, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, एकावर एक सारख्या. वर नऊवारी, खाली फौजी पट्ट्या. मी न्याहारी आणि हळद-तेलाची वाटी घेऊन बांधावर बसायची. नाल्याच्या बाजूनं गार वारा यायचा, करडईचा वाळका उग्र वास यायचा, विळ्याचा खर्र-खर्र आवाज चालू असायचा आणि मध्येच आईचा आवाज, "हाल्ट." नाना थांबायचे, हाताकडे बघायचे. कधी नुसता ओरखडा असायचा, कधी विळ्याचं पातं बोटापासून तांदळाएवढ्या अंतरावर असायचं. मग पुन्हा सुरू. दोघं फारसं बोलत नसत. मी संसार केला, चार चांगले संसार जवळून पाहिले, पण एका माणसानं दुसऱ्या माणसाकडे इतकं लक्ष दिलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

हल्ली माझे डॉक्टर म्हणतात, करडईचं तेल खा, हृदयाला चांगलं. मी म्हणते, डॉक्टर, आमच्या हृदयाला त्याचा फार जुना उपयोग आहे. ते हसतात. त्यांना वाटतं म्हातारी विनोद करते.

होळी झाली. जसजसं ऊन वाढायला लागलं तसतशी गारव्याची वेळ कमी होत गेली. आधी तीन तास मिळायचे, मग दोन, मग जेमतेम दीड. रोज संध्याकाळी नाना बांधावर उभे राहून उरलेल्या ओळी मोजायचे आणि पाडव्याला उरलेले दिवस बोटांवर धरायचे. ओळी जास्त होत्या. दुसरा कुणी असता तर भावाकडे जाऊन दोन गडी मागितले असते. नानांनी मागितले नाहीत. "आपल्या हातानं" असा शब्द होता आणि शब्दाला ते चिकट होते. चिकट कसले, हट्टी होते. मला तेव्हा त्यांचा रागही यायचा, कारण आईचे डोळे लाल होऊन सुजले होते आणि ती रात्री गार पाण्याच्या घड्या ठेवून झोपायची.

पाडव्याला आठ दिवस राहिले असताना एका सकाळी मोठेबाबा स्वतः वावरावर आले. हातात काठी, डोक्याला रुमाल. येऊन बांधावर, माझ्यापासून चार पावलांवर उभे राहिले. आईनं पाहिलं आणि जे कुठल्याही सुनेनं केलं असतं तेच केलं. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड दाखवायचं नाही, बोलायचं तर नाहीच; लग्नाला बारा वर्षं झाली, एका घरात राहून तिनं मोठेबाबांशी एक शब्द बोललेला नव्हता आणि त्यांनीही नाही. दोघांनाही दुसऱ्याला काही सांगायचं झालं तर ते भिंतीला किंवा मला, गोदीला, सांगायचे. आईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

नाना थांबले नाहीत. भाऊ बघतोय म्हटल्यावर उलट त्यांचा विळा जास्तच जोरात चालू लागला. मोठेबाबा बांधावरून बोलत होते. पिकाचं, तेलाचं, निजामाच्या हद्दीतून यंदा बैल कसे आले त्याचं. नाना वाकून कापत कापत हो-हो करत होते. हाताकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. मला सगळं दिसत होतं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मोठ्या माणसांत बोलू नये, हे माझ्याही अंगात तेव्हाच भिनलेलं. मी आईच्या पाठीकडे बघत राहिले. ती पाठ हलली. एकदा डावीकडे, पुन्हा जागेवर. आणि मग आईनं दोन्ही हातांनी पदर मागे टाकला, पार खांद्यावर, आणि वळून सरळ नानांच्या हाताकडे पाहिलं.

"हाल्ट!"

टेकडीवर गुरं राखणाऱ्यांनी मान वळवली इतका मोठा आवाज होता तो. नाना जागच्या जागी थांबले. विळा करंगळीच्या हाडाशी होता. मुठीतून रक्त गळून खालची माती लाल झाली होती, आणि नाना त्या रक्ताकडे दुसऱ्याचं असल्यासारखे पाहत होते.

मी वाटी घेऊन धावले. आईनं हळद दाबून धरली. मोठेबाबा काट्यांतून तसेच आत आले, धोतर फाटलं त्यांचं. नानांच्या बोटाला त्यांनी आधी हलकेच हात लावला, मग नख रुतवलं, मग जोरात रुतवलं. नानांचा चेहरा हलला नाही. मोठेबाबांचा मात्र हलला.

"काऊन लपवलं, सखा?"

"सांगतलं असतं तर वावर देल्लं असतं का तुमी?"

मोठेबाबांनी हात हळूच सोडला आणि आले तसे काट्यांतून परत गेले. आईनं पदर डोक्यावर घेतला तो ते बांधाच्या पलीकडे गेल्यावर.

तीन दिवस फुकट गेले. चौथ्या दिवशी नाना पुन्हा वावरात होते, करंगळीला फळकूट बांधून. आईही होती. पाडव्याच्या आदल्या दिवशी ऊन इतकं चढलं की काट्यांनी दोघांची मनगटं सोलून काढली, तरी ती बाहेर आली नाहीत. अकरा वाजेपर्यंत कापत राहिली. आणि तरीही चार ओळी राहिल्याच.

पाडव्याला दारावर गुढी उभी राहिली, कडुलिंब खाऊन झाला, ओसरीवर सगळे जमले. काका, चुलतकाका, गडी, सालदार. टेकडीखालचं वावर बटईनं घेणारा माणूस नवा रुमाल बांधून पुढेच बसला होता. आत स्वयंपाकघराच्या दाराआड बायका उभ्या होत्या, आणि आईच्या पाठीशी मी. एकेका वावराचं नाव निघत होतं, सुपारी फुटत होती. टेकडीखालच्या वावराचं नाव निघालं तेव्हा नाना उठून उभे राहिले. फौजेत उभे राहत असतील तसे, सरळ.

"चार ओळी राह्यल्या, दादा," ते म्हणाले. एवढंच. आजारपण नाही, बोट नाही, ऊन नाही, कशाचीही ढाल त्यांनी पुढे केली नाही. मला वाटलं, संपलं, आता चिखली.

"अन् हात?" मोठेबाबांनी विचारलं.

"हाय तसाच. तो आता असाच राह्यते."

"मंग पुढं कसं करशीन?"

"करतो तसंच. मी कापतो, हे पाह्यते." त्यांनी मान दाराकडे केली.

ओसरीवर कुणीतरी हसलं. बायकोच्या डोळ्यांनी शेती करणारा फौजी, असं काहीतरी म्हणाला. नाना तसेच उभे होते. नव्या रुमालवाल्यानं सुपारीकडे पाहिलं. मोठेबाबांनी अडकित्ता खाली ठेवला आणि सगळ्या बैठकीकडे पाठ करून ते दाराकडे वळून बसले. बारा वर्षांत पहिल्यांदा, मध्ये भिंत न घेता, मला न सांगता, ते सरळ आईशी बोलले.

"गोदीची माय, त्याच्या हाताकडे तू पाहशीन ना? मी असलो तरी?"

बायकांतून कुणीतरी आईच्या पदराला धरून मागे ओढलं. आईनं तो हात सोडवला, दाराच्या चौकटीत एक पाऊल पुढे टाकलं आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"हाव. पाहीन."

मोठेबाबांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी फोडली.